आर. के. पुरममधली सुरक्षित शेकोटी

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे कक्ष अधिकारी गुणवंत देवचके यांच्या बैठकीच्या खोलीतली गॅसची फायरप्लेस पेटत नाही, ही बाब डिसेंबरात प्रथम निदर्शनास आली. ती निदर्शनास आणून देणाऱ्या त्यांच्या मातोश्री अहिल्याबाई होत्या. त्यांनी रीतसर तक्रार वगैरे केली नाही. "गुणवंता, हात बघ माझे," एवढंच म्हणून हात पुढे केले. हात माठासारखे गार होते.

अहिल्याबाई साताऱ्याच्या. दिल्लीची थंडी त्यांना सोसत नसे. यंदा गुणवंतांनी फारच गळ घातली म्हणून त्या आल्या, पण अट घालूनच. "संक्रांतीपर्यंत बघते. नाही सोसलं तर चालले परत." गुणवंतांना आई घरात हवी होती. हे अगदी मनापासूनचं होतं, आणि तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. साध्या माणसानं अशा वेळी आणखी एक हीटर आणला असता. पण गुणवंतांच्या साहेबांकडे गुडगावच्या फ्लॅटमध्ये फायरप्लेस होती, त्यामुळे आईवरचं प्रेम व्यक्त करायला त्याहून कमी काही चाललं नसतं.

काळी पेटी, पुढे काच, आत सिमेंटची लाकडं. गॅससाठी बाल्कनीत वेगळा सिलिंडर ठेवला आणि भिंतीतून नळी आत आणली. बसवली त्या दिवशी ती पेटलीही होती. गुणवंतांनी आईला पुढ्यात बसवून फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मग ती विझवून सगळे झोपायला गेले. निजण्यापूर्वी गुणवंतांनी रोजच्यासारखी हाक मारली,

"आई, गॅस बंद केलास ना?"

"केला रे बाबा."

ही देवचक्यांच्या घरातली पद्धत होती. झोपताना, बाहेर जाताना, पाहुणे यायच्या आधी, गेल्यानंतर हा प्रश्न विचारला जाई. उत्तर मिळालं की घर निर्धास्त होई.

दुसऱ्या दिवशी बटण फिरवलं तर नुसतंच टक टक. गुणवंतांनी टक टक केलं, पत्नी कुमुदनं टक टक केलं. शेवटी कंपनीला फोन गेला.

कंपनीचा माणूस टाय लावून आला. तो जिना चढत असतानाच गुणवंतांनी विचारलं, "आई, गॅस बंद केलास ना?"

"केला रे बाबा."

"बिल्कुल सही, सर," तो दारातून म्हणाला. "इन्स्पेक्शन से पहले गॅस बंद होना ही चाहिए. लोग मानते नहीं."

त्यानं काच पुसली, पेटीत टॉर्च मारला आणि खोलीभर नजर फिरवली. मग एकेक दोष काढला. खिडकी बंद होती, ती नियमाप्रमाणे सदैव उघडी हवी. पडदे पेट घेऊ शकतात, ते काढा. गालिचा काढा. अहिल्याबाईंची रजई कापसाची, ती फायरप्लेसच्या आसपास चालणार नाही. आणि जुना हीटर? एका खोलीत उष्णतेची दोन साधनं असतील तर वॉरंटी रद्द.

"और सिलिंडर?" गुणवंतांनी विचारलं.

"वो हमारे स्कोप में नहीं आता, सर. एजन्सीवाले देखेंगे."

सगळ्या सूचनांचं तंतोतंत पालन झालं. खिडकी उघडी, पडदे नाहीत, रजई आतल्या खोलीत, हीटर माळ्यावर. अहिल्याबाई कानटोपी घालून, दोन स्वेटर चढवून, न पेटलेल्या फायरप्लेससमोर उघड्या वाऱ्यात बसू लागल्या.

"अहो, तो हीटर तरी काढा," कुमुद म्हणाली.

"वॉरंटी जाईल."

"आणि आई जातील त्याचं काय?"

गुणवंतांना हे लागलं. त्यांनी ताबडतोब गॅस एजन्सीचा माणूस बोलावला. तो यायच्या आधी गॅस बंद आहे ना, हे आईला विचारून घेतलं. बंद होता. त्या माणसानं सिलिंडर हलवून पाहिला, तो भरलेला होता. नळीला साबणाचा फेस लावून तो बराच वेळ टक लावून बसला.

"एक बुलबुला नहीं! लीकेज झीरो. और नॉब भी टाइट बंद. साहब, ऐसी सेफ्टी पूरे सेक्टर में नहीं देखी."

"मग पेटत का नाही?" गुणवंत गडबडीत मराठीतच बोलले.

"जलाना हमारा काम नहीं है. वो कंपनीवाले."

आता दोघांना एकत्र बोलावून संयुक्त पाहणी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघे आले, दोघांनी अहिल्याबाईंच्या हातचा चहा घेतला. फायरप्लेस निर्दोष आहे यावर एकमत झालं. सिलिंडर निर्दोष आहे यावरही झालं. म्हणजे दोष उरला तो हवेत. दिल्लीच्या हवेत धूर इतका, की ज्योत धरायला जागाच राहत नाही, असं ठरलं. गुणवंतांनी एअर प्युरिफायर आणला. खिडकी नियमानुसार उघडीच होती, त्यामुळे ते बिचारं यंत्र अख्खं आर. के. पुरम शुद्ध करण्याच्या कामाला लागलं. त्याच्या पंख्याचा वाराही थेट अहिल्याबाईंच्या अंगावर येत असे.

संक्रांतीला अहिल्याबाईंनी लाडू वळले. बोटं वळत नव्हती, म्हणून लाडू चपटे झाले. ते डब्यात भरून ठेवले आणि म्हणाल्या, "चला, पुरे झालं रे. तिकीट काढ."

निजामुद्दीनच्या फलाटावर गुणवंत अक्षरशः रडले. "आई, मी सगळं केलं गं. कंपनी, एजन्सी, कुणालाच सोडलं नाही."

"माहितेय मला. तुझ्यात काही कमी नाही." त्यांनी खिडकीतून लेकाच्या गालावरून हात फिरवला. हात अजूनही गार होता.

गाडीनं शिट्टी दिली. काय बोलावं ते न सुचून गुणवंतांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"आई, निघताना गॅस बंद केलास ना?"

"केला रे बाबा. दोन्ही."

"दोन्ही?"

"स्वयंपाकघरातला आणि तो बाल्कनीतला. पहिल्या दिवशी तो बसवणारा माणूस तसाच चालू ठेवून गेला होता बघ. तू विचारलंस म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून एकदाही चालू राहू दिला नाही मी. तू निश्चिंत राहा."

गाडी सुटली.

गुणवंत घरी येऊन बाल्कनीत उभे राहिले. नॉबला हात लावायला गेले आणि थांबले. तो उघडायचा अधिकार कंपनीचा की एजन्सीचा, हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दोघांनाही फोन लावून ठेवला आहे.

तुम्ही म्हणाल, नॉब बंद आहे हे आम्हाला केव्हाच कळलं होतं. असेलही. एजन्सीच्या माणसानं तर ते मोठ्यानं सांगितलं होतं. मग बोलला का नाहीत? म्हातारी उघड्या खिडकीत कुडकुडत होती आणि तुम्ही आरामात पुढचा परिच्छेद वाचत होतात. बरोबरच आहे म्हणा. सिलिंडर तुमच्याही स्कोपमध्ये येत नव्हता.