आबांनी उतरवलेली महागाई

कुणाविषयी काही लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लोणावळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राचं जेमतेम दुसरं वर्ष. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण टाकव्यात आमच्या शेजारी राहणारे किसनआबा एकट्याने देशाची महागाई उतरवत होते, आणि त्याची नोंद कुणीच घेतलेली दिसत नाही.

आबांची मुलगी सुनीताताई मोशीला असते. तिने आणि नवऱ्याने फ्लॅटसाठी कर्ज काढलं, मग व्याज वाढलं, हप्ता फुगला. तेव्हापासून ती रविवारीही कंपनीत जाते. "हप्ता उतरला की रविवारी येत जाईन, आबा," असं सांगून गेली ती आलीच नाही.

आबांनी मला विचारलं, "व्याज उतरतं कशानं रं?"

मी पुस्तकातलं सांगितलं. लोकांची मागणी कमी झाली की महागाई उतरते, आणि महागाई उतरली की मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते.

"येवढंच व्हय?" म्हणाले, आणि कामाला लागले.

न्हाव्याने दर वाढवला म्हणून आबांनी दाढीच सोडून दिली. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "मागणी दाबायची." त्यांच्याकडे जेवताना मी पुन्हा आमटी मागितली तरी, "दाब, मागणी दाब." त्यावर मावशी, म्हणजे आबांच्या मंडळी, उसळायच्या, "पोराला आमटी वाढाया आता बँकेला इचारू का?"

एकदा आबा कार्ल्याला विठ्ठलच्या कणसांच्या गाडीपुढे उभे राहिले आणि मुंबईच्या पाहुण्यांना हात जोडू लागले, "घिऊ नगा. आवरा सोताला."

"आबा, घरी जावा ना! धंद्याची वाट लावताय," विठ्ठल ओरडला.

"तुज्या कणसापायी देशाचं व्याज अडलंय, इठ्ठल!"

तोवर दाढी छातीपर्यंत आली होती. एक बाई त्यांच्या पाया पडल्या आणि पुढ्यात दहाची नोट ठेवून निघाल्या. आबांनी धावत जाऊन ती परत केली. लोकांच्या हातात पैसा वाढला की महागाई वाढते, हेही मीच त्यांना सांगितलं होतं.

कामशेतच्या बाजारात तर स्वतःचा इंद्रायणी तांदूळ त्यांनी गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त विकला. मावशींनी बोलणंच टाकलं.

आणि मग मध्यवर्ती बँकेने खरोखरच व्याजदर उतरवला. मी मोबाईलवर वाचून सांगायला गेलो. हे तुमच्यामुळे झालेलं नाही, असंही सांगणार होतो. पण आबा ऐकल्या ऐकल्या आत वळून ओरडले, "अगं, कोंबडं बघ! रईवारी सुनी येतीय!"

"आन् मागणी?" मावशी कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"एक रईवार चालतंय!"

तो रविवार गेला. त्यानंतरचेही गेले. मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला. मी तिथेच होतो. आबांनी स्पीकर लावला.

"आबा, दर उतरलाय, खरंय. पण आमच्या बँकेनं हप्ता तेवढाच ठेवलाय. कर्जाची वर्षं कमी केलीत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

"किती ऱ्हायली?"

"सोळा होती. आता चौदा."

आबांनी बोटांवर मोजलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "मग बरंच झालं की, पोरी. दोन वर्सं आदी येशील."