बुटक्या चिचुंद्रीची अधिकृत स्थिती

उत्तर विभागातल्या लहान सस्तन प्राण्यांची स्थिती ठरवण्याचं काम ज्या कार्यालयाकडे होतं, त्याची स्वतःची स्थिती फारशी बरी नव्हती. छत गळत होतं, हीटर उबेपेक्षा आवाजच जास्त देत होता, आणि त्यात वरून विचारणा आली होती की बुटकी चिचुंद्री 'सुरक्षित' आहे, 'संकटात' आहे की 'नामशेष' आहे, ते एकदाचं कळवा. आजवर तिच्यापुढे 'माहिती अपुरी' असा शेरा होता. त्यामुळे कोणाचंच काही बिघडलं नव्हतं, चिचुंद्रीचं तर मुळीच नाही.

पाहणी ज्या निरीक्षकाच्या गळ्यात पडली, त्याला हा प्राणी मनापासून आवडत असे. ही काही चारचौघांत सांगण्यासारखी आवड नव्हे. अस्वलावर जीव असलेल्या माणसाला लोक मान देतात. अंगठ्याएवढ्या, लांबनाक्या, वास मारणाऱ्या जीवावर माया करणाऱ्याशी ते जरा लांबूनच बोलतात. कार्यालयात त्याला 'चिचुंद्रीसाहेब' म्हणत, आणि बिचारा त्याला पदवीच समजायचा.

त्याने जंगलाच्या कडेला पिंजरे लावले आणि ते भराभर भरले. चिचुंद्र्या मुबलक होत्या. पण नियम असा होता की पिंजरा दोन अधिकाऱ्यांसमोरच उघडायचा. पूर्वी एका गणकाने एकच कोल्हा पुन्हा पुन्हा मोजून साऱ्या जंगलाचा आकडा भरला होता, तेव्हापासूनची ही खबरदारी. आता चिचुंद्रीचा जीव तो केवढा. दर दोन-तीन तासांनी पोटात काही गेलं नाही तर ती मरते. दुसरे अधिकारी चहा घेऊन, जीप मिळवून, वाट विचारत येईपर्यंत आतला ऐवज थंड झालेला असे. त्यांना मात्र ते सोयीचं वाटे. मेलेली चिचुंद्री मापं घेताना वळवळत नाही.

निरीक्षक उपसंचालकांकडे गेला. साहेब स्वभावाने देवमाणूस. त्यांनी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं आणि 'हो'ही म्हटलं नव्हतं.

"साहेब, आपण मोजतोय म्हणून त्या मरतायत," निरीक्षक म्हणाला.

"त्या आधीपासून आजारी नसतील कशावरून?" साहेबांनी प्रेमाने विचारलं. "असं करा, पिंजरे दुप्पट लावा. आकडा मोठा आला की नियम बदलायचं बघू."

पिंजऱ्यात निदान चार गांडुळं तरी ठेवू द्या, अशी त्याने विनंती केली. वन्य प्राण्याला सरकारी खर्चाने जेवू घातलं तर त्याचं वर्तन नैसर्गिक राहत नाही, असं उत्तर आलं. पिंजरे दुप्पट झाले आणि चिचुंद्र्या निम्म्यावर आल्या. ही घट चिंताजनक असल्याचं सर्वांत आधी खात्याच्याच लक्षात आलं, आणि चिचुंद्रीला तातडीने 'संकटात' टाकण्यात आलं. संकटातल्या प्राण्याला जास्त संरक्षण हवं, म्हणून पिंजरा उघडताना तिसरा अधिकारी राजधानीतून येऊ लागला.

हळूहळू जंगलाची कड शांत झाली. निरीक्षक रिकामे पिंजरे बघून घरी यायचा. एका दुपारी बायकोने त्याला खुणेनेच मागच्या अंगणात बोलावलं. सरपणाच्या ढिगाखालून एक बुटकी चिचुंद्री निघाली होती. तिची शेपटी पहिल्या पिल्लाच्या तोंडात, त्याची दुसऱ्याच्या, अशी ती वरात भिंतीकडेने चालली होती. निरीक्षकाचे डोळे भरून आले.

"कळवणार का ऑफिसात?" बायकोने विचारलं.

"कळवलं तर मरतील."

"मग?"

"मग काही नाही. मी बघितल्या नाहीत, आणि तूही नाहीस."

दुसऱ्या दिवशी त्याने अहवालात 'नामशेष' लिहून टाकलं. जो प्राणीच नाही, त्याच्यासाठी पिंजरे मंजूर होत नाहीत. तेव्हा बुटक्या चिचुंद्रीला खऱ्या अर्थाने संरक्षण देणारा तेवढा एकच शेरा उरला होता. नोकरीतलं हे त्याचं पहिलं खोटं. त्याला लाज वाटली नाही, उलट हलकं वाटलं.

बातमी फुटली आणि गावभर हळहळ पसरली. जिवंतपणी जिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, तिच्यावर लेख आले. टीकाकार म्हणाले, खात्याने डोंगर पोखरून उंदीर काढला. खात्याने लगेच खुलासा केला की तो उंदीर नसून चिचुंद्री होती आणि तीही काढता आलेली नाही. शोकसभेला सभागृह ओसंडून वाहिलं. दारात बिल्ले वाटले गेले. बिल्ल्यावरच्या चिचुंद्रीला मोठे डोळे आणि झुपकेदार शेपटी दिली होती, कारण मूळ प्राणी छापल्यावर उठून दिसत नव्हता. शेजारच्या काकू व्यासपीठावरून बोलल्या. "आपण तिला ओळखलंच नाही हो," एवढं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि अर्धी सभा रडली.

त्याच आठवड्यात काकू सुपली घेऊन निरीक्षकाच्या दारात उभ्या राहिल्या. बिल्ला छातीवर होताच. सुपलीत आई होती, आणि तिच्यामागे ओळीने पिल्लं.

"तुमच्या सरपणातून येत होते मेले," त्या म्हणाल्या. "मी औषध घातलं. पण वास तरी काय, शी!"

"काकू, हे काय आहे, माहितेय का तुम्हाला?"

"उंदीर. अजून काय असणार?"

निरीक्षकाने सुपली हातात घेतली. तो पिल्लं एकेक करून मोजू लागला. काकू मायेने म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? उंदीर तर होते."

काकूंना नावं ठेवू नयेत. त्या एकट्याच थोड्या रडल्या होत्या? तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी तुम्हीही होतात, आणि डोळे तुम्हीही पुसलेत. तुमचा बिल्ला अजून कपाटावर आहे. औषधाची पुडी ओट्याखाली आहे. ती तेवढी मुलांच्या हाती लागणार नाही, असं बघा.