सोळा किलो कुठे गेले?

शर्यतीची गाडी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात बांधलेला दातांचा डॉक्टर तुम्ही पाहिलाय? नाही ना? मग हा बघा, मी!

दोन वर्षं खपलो. सकाळी लोकांच्या दाढा, दुपारनंतर गाडीचे नटबोल्ट. इंजिन एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचं, चाकं दुसरीची, आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा आमच्या गल्लीतल्या वेल्डरबाईंनी जोडलेला. या बाईंना सगळे ठिणगी म्हणतात. उंच, धिप्पाड, आवाज असा की दुकानाचं शटर त्यांना ओढावं लागत नसेल, नुसतं 'खाली ये' म्हटलं की येत असेल!

गाडी जिथे उभी राहिली त्या गॅरेजात पूर्वी आमचं वॉशिंग मशीन असायचं. ते दोन वर्षं हॉलमध्ये होतं. पाहुणे आले की आम्ही त्याच्यावर चादर टाकायचो. कपडे पिळायला लागलं की ते चादरीसकट थरथरत पुढे सरकायचं आणि पाहुणे चहा टाकून उठायचे.

बायको शाळेत मुख्याध्यापिका आहे, शिवाय दहावीला गणित शिकवते. तिने मला एक दिवस समोर बसवून अंतिम सूचना दिली.

"अहो, या शर्यतीत गाडीचा नंबर आला, तर गॅरेज तिचं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आला, तर मशीन आत आणि गाडी भंगारात."

"पहिला येणार!" मी म्हणालो.

"कुठल्या बाजूने?"

शर्यतीच्या हलक्या गटाचा नियम असा: गाडी आणि चालक मिळून वजन किमान सहाशे चाळीस किलो. त्याच्याखाली गेलात की बाद. वर जितकं जास्त, तितकी गाडी मंद. म्हणजे खरा कारागीर गाडी नेऊन ठेवणार सहाशे एक्केचाळीसवर! दाढेत सिमेंट भरताना मी केसाएवढाही फरक ठेवत नाही, तर इथे ठेवेन?

नुसतं वजन कमी करून भागत नाही, ते चारही चाकांवर नीट वाटावं लागतं. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल आठवा. एका पायाखाली कागदाची घडी सारली की ते स्थिर होतं. गाडीला तसंच, फक्त कागदाऐवजी स्प्रिंगखालची चकती पान्याने फिरवायची. त्यासाठी प्रत्येक चाकाखाली एकेक वजनकाटा लागतो. आणि चालकाच्या जागी चालकाइतकं वजन बसवावं लागतं, नाहीतर सगळं मोजमाप फुकट.

माणसं तोलायचा काटा घरात एकच. उरलेले तीन शेजाऱ्यांकडून आणले. झालं! "डॉक्टरांकडे एकदम चार-चार काटे?" गल्लीत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "लपवू नका. कोणाचं एवढं वाढलंय? एका काट्यात मावत नाही का?"

आता चालक कोण बसणार? मी तर पाना घेऊन गाडीखाली. बायकोने साफ नकार दिला. तेवढ्यात महिनाभर आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई विणकाम घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, नुसतं बसायचंच आहे ना? मी बसते की. विणायला कुठेही बसलं तरी तेच."

प्रश्न नाजूक होता. मी घसा साफ केला.

"आई, म्हणजे... हिशेबासाठी... तुमचं वजन साधारण..."

"पंचावन्न," त्या लोकरीवरून नजर न काढता म्हणाल्या.

माझं हेल्मेट-बुटांसकट वजन चौऱ्याऐंशी. म्हणजे फरक एकोणतीस किलोचा. मी मोजून एकोणतीस किलो वाळू गोणीत भरली, गोणी सीटवर ठेवली, तिच्यावर सासूबाईंना बसवलं आणि पट्टे आवळले. गाडी उघडी, त्यामुळे सासूबाई हत्तीवरच्या अंबारीत बसल्यासारख्या वर दिसू लागल्या.

"गादी छान आहे हो!" त्या म्हणाल्या आणि विणायला लागल्या.

मी चारही काट्यांचे आकडे घेतले, बेरीज केली, आणि चक्क घाम फुटला.

माझ्याकडे एक वही आहे. गाडीत बसवलेला प्रत्येक तुकडा मी आधी स्वयंपाकघरातल्या नाहीतर न्हाणीघरातल्या काट्यावर तोलून तिच्यात लिहिलाय. वहीप्रमाणे गाडी पाचशे शहाऐंशी किलोची. काट्यांप्रमाणे, सासूबाई आणि वाळू वजा केल्यावर, सहाशे दोन! तब्बल सोळा किलो जास्त! सोळा किलो म्हणजे काय विसरलेला स्क्रू आहे? चांगला शाळेत जाऊ शकेल एवढा मुलगा आहे!

आता मला सांगा, मी कोणावर संशय घेणार? काटे अदलाबदल करून पाहिले, तेच आकडे. सासूबाईंवर तर संशय घेण्याचा प्रश्नच नाही. मग उरली वही! माझंच अक्षर, माझाच हात. चुकलं असणार कुठेतरी!

तेव्हापासून मी गाडीवर तुटून पडलो. शेजारची सीट काढली. पुढची काच काढून वीतभर उंचीची प्लास्टिकची पट्टी लावली. बोल्टची बाहेर आलेली टोकं कापली. दारं काढली. रंग खरवडला. दवाखान्यातलं जुनं ड्रिल आणून पत्र्याला, पेडलना, ब्रेकच्या दांड्याला भोकं पाडत सुटलो. गाडी नव्हे, पीठ चाळायची चाळण झाली! ठिणगीबाई रोज येऊन भोकं तपासायच्या. जिथे सांगाड्याला धोका असेल तिथे खडूने फुली मारून दरडावायच्या, "डॉक्टर, इथे ड्रिल लावलंत तर आधी तुमचे दात मी काढीन!"

एकदा मी फोनवर त्यांच्याशी तावातावाने बोलत होतो. "अहो, सोळा किलो लपलेत! बाहेरून कळत नाही, पण आहेत! मागच्या बाजूला असणार! मी शोधून काढल्याशिवाय राहणार नाही, गरज पडली तर कापून बघेन!"

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून पाहतो, तर जमिनीवर लोकरीचा गुंडा आणि सासूबाई पाठमोऱ्या, झपाट्याने घरात चाललेल्या!

पाच मिनिटांत बायको गॅरेजात.

"आईला काय म्हणालात?"

"मी? काही नाही!"

"तिने खोलीचं दार लावून घेतलंय. म्हणते, या घरात माणसाला कापायची भाषा चाललीय."

"अगं, गाडीबद्दल बोलत होतो!"

दाराबाहेर उभं राहून मी अर्धा तास समजूत घातली. दार किंचित उघडलं.

"जावईबापू, खरंच गाडीबद्दल होतं?"

"शपथ! तुमच्याबद्दल कसं असेल? तुम्ही तर पंचावन्न!"

सासूबाईंचा चेहरा विचित्र झाला. मला वाटलं, हुंदका असेल. "हो, हो," त्या घाईने म्हणाल्या, "चला, बसते मी गोणीवर!"

आणि अखेर तो सोन्याचा दिवस उजाडला. गाडीत सासूबाई आणि वाळू, काट्यांची बेरीज सहाशे एक्केचाळीस! एका कर्णावरच्या दोन चाकांचं वजन दुसऱ्या कर्णाएवढं, अर्ध्या किलोचाही फरक नाही! मी पाना हवेत उडवला. तो खाली आला तेव्हा माझ्याच पायावर पडला, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रॅकवर सरावाची फेरी झाली. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. सत्तरच्या वर गेली की सगळ्या भोकांतून हवा घुसून गाडी शिट्टी वाजवायची. एकच खटकलं. ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक जागच्या जागी अडकायचं, हट्टी पोर बाजारात बसून घेतं तसं. चालकाच्याच बाजूचं चाक! बाकी जमिनीला नीट धरून असताना हेच का हलकं पडतंय?

उत्तर वजन तपासणीच्या मंडपात मिळालं. मी हेल्मेट घालून, ऐटीत गाडीत बसून, गाडी मोठ्या काट्यांवर चढवली. तपासनीस चष्मा वर करून म्हणाले, "सहाशे पंचवीस. पंधरा किलो कमी. बाद."

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "तुमचा काटा चुकतोय! मी स्वतः तोललीय! सहाशे एक्केचाळीस!"

"तोलताना सीटवर तुम्हीच होतात?"

"नाही, सासूबाई. आणि एकोणतीस किलो वाळू."

"त्यांचं वजन?"

"पंचावन्न."

तपासनिसांनी सासूबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "रिकामी गाडी का नाही तोललीत?"

खरं सांगतो, दोन वर्षं वही लिहिणाऱ्या, केसाएवढा फरक न ठेवणाऱ्या या माणसाला ते सुचलंच नव्हतं!

सासूबाई कोणाला काही न सांगता पुढे आल्या. पिशवी लेकीच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि बाजूच्या चालकांच्या काट्यावर उभ्या राहिल्या. एकाहत्तर!

"आई!" बायको किंचाळली.

"पंचावन्न होतं," सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या. "माझ्या लग्नात! जावईबापूंनी वजन विचारलं, कधीचं ते कुठे विचारलं?" आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "रोज वाटायचं, सांगून टाकावं. पण तुम्ही एवढ्या विश्वासाने भोकं पाडत होतात, की धीरच होईना."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी चिडायला हवं होतं. पण एवढ्या परक्या लोकांसमोर त्या काट्यावर चढल्या होत्या, तेही आपणहून! मला तेवढं धाडस आजतागायत झालेलं नाही.

"आई, उतरा खाली," मी म्हणालो. "गाडी हलकी झाली हे तर खरंच ना? तुम्ही पंचावन्न म्हणाला नसतात, तर मी एवढी हलकी केलीच नसती."

"सोळा किलो लोखंड बसवू?" मी तपासनिसांना विचारलं.

"वरून जोडलेलं वजन कालच्या कागदपत्रांच्या तपासणीत दाखवायचं होतं. आज गाडीला खिळाही लावता येणार नाही."

बायकोने तोवर पावतीच्या मागे गणित मांडलं होतं. "एकाहत्तर आणि एकोणतीस, शंभर," ती म्हणाली. "गाडी शंभर किलोच्या माणसासाठी जुळवलीय तुम्ही. सीटवर शंभर किलो बसले, तर वजनही बरोबर आणि चाकंही बरोबर. अर्जावर दुसरा चालक म्हणून कोणाचं नाव आहे?"

अर्जावर दुसरं नाव लागतंच, म्हणून आम्ही ठिणगीबाईंचं टाकलं होतं. सगळ्यांच्या एकाच वेळी ते लक्षात आलं आणि सगळे एकदम सभ्यपणे मंडपाच्या छताकडे पाहू लागले.

"वर काय बघताय?" ठिणगीबाई गरजल्या. "शहाण्णव! हेल्मेट-बुटांसकट शंभर! त्यात लाजायचं काय? आणि वीस वर्षं गॅसचे सिलिंडर भरलेली व्हॅन चालवतेय, एकही आडवा पडू दिलेला नाही!"

हेल्मेट मी त्यांच्याकडे द्यायला उचललं, पण बोटं काही ते सोडेनात. दोन वर्षं रोज मी मनातल्या मनात तो ट्रॅक फिरलो होतो. ठिणगीबाईंनी ओढून घेतलं नाही. हात पुढे करून थांबून राहिल्या. "डॉक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "गाडी तुमचीच आहे. मी फक्त वजन." मी हेल्मेट सोडलं.

काटा म्हणाला, सहाशे एक्केचाळीस!

आठ फेऱ्या, सहा गाड्या. पहिल्या वळणावर ठिणगीबाई चौथ्या. ब्रेक मारला, चारही चाकं एकजात जमिनीला चिकटली, उजवं चाक शहाण्या मुलासारखं! गाडी रुळावरून गेल्यासारखी वळली. मी कुंपणाला लोंबकळून ओरडत होतो. तिसऱ्या फेरीत त्या तिसऱ्या. पाचवीत दुसऱ्या. पुढे गेल्या वर्षीचा विजेता, त्याच्या चकचकीत लाल गाडीत. सातव्या फेरीत लांबलचक सरळ रस्त्यावर आमची गाडी मागून अशी काही शिट्टी घालत आली, की त्याला वाटलं, पोलीसच आले! सवयीने त्याने गाडी बाजूला घेतली! ठिणगीबाई सरळ पुढे!

पहिल्या! आम्ही पहिले! सासूबाईंनी तपासनिसांना मिठी मारली. बायकोने चक्क शिट्टी मारली, आणि मग माझा हात धरून म्हणाली, "गॅरेज तुमचं. मशीन राहू दे हॉलमध्ये."

पेट्रोलही मी हलकेपणापायी आठ फेऱ्यांपुरतंच मोजून भरलं होतं. त्यामुळे झेंडा पडल्यावर पन्नास पावलांत गाडी थांबली. बक्षिसाच्या मंचापर्यंत ती मी ढकलत नेली. आत ठिणगीबाई हात हलवत बसलेल्या, त्यांचे शंभर किलो जसेच्या तसे! मंचापाशी पोहोचलो तेव्हा मी घामाने निथळत होतो, तोंडाला काळं लागलं होतं.

वार्ताहर आला. करंडक घेतलेल्या ठिणगीबाई, त्यांच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई, असा फोटो जुळवला. मी धापा टाकत कडेला उभा. त्याने वही काढून सासूबाईंना विचारलं, "आणि हे कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडे अतिशय कौतुकाने पाहिलं आणि म्हणाल्या, "हे होय? हे आमचे जावई. दातांचे डॉक्टर आहेत. गाडी ढकलायला आले होते!"

दुसऱ्या दिवशी पेपरात छापलंयही तसंच. फोटोत माझं फक्त कोपर आलंय. डावं. ओळखीच्यांना मी बोट ठेवून दाखवतो.