मस्तकगडचे पाणी आणि विसाजीपंतांचे शिक्के

श्रीमस्तकेश्वर प्रसन्न. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, मस्तकगडी पाणी चढले त्याचे वर्तमान ऐसे जे, गडास तट हाडाचा, तसूभर सरकणे नाही, आणि आत चार हौद, त्यांत मेंदूचे निर्मळ पाणी, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा नवे भरावे, जुने काढावे, ऐसी वहिवाट. पाणके आपले अकलेने थेंबही सोडीत नसत; शिक्का यावा लागे. तो विसाजीपंत मारीत. हल्लीचे वैद्य त्यांस किनेज नामे एन्झाइम म्हणतात, आणि शिक्क्यास फॉस्फेट. पंतांनी एका कारकुनास शिक्का मारावा, त्याने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास, मग कोठे पाणक्यांचे कपाळी बसावा. शिक्का उतरला की पाणी बंद; तो उतरविणे दमाजीपंतांकडे, ज्यांस फॉस्फटेज म्हणतात. गृहस्थ फार सभ्य, अर्जावाचून बोटही हलवीत नसत.

त्या साली जंतूंची टोळी चालोन आली, आणि विसाजीपंतांनी धडाधड शिक्के मारिले, आणि पाणी सुटले, आणि चार दिवसांत टोळी गारद जाहली. येथे थांबावे, परंतु थांबणे कोणाचेच खात्यात नव्हते. मग पाणी तटास भिडले. तटालगत दृष्टीचे पहारेकरी येसजी राहात. डोळ्यांची खबर आत आणणारे तेच. ते दाबले गेले आणि ओरडले, "पंत, मान दबली माझी, पाणी आवरा!" पंत म्हणाले, "ऐका आरोळी! शत्रू अद्याप आहे. आणखी शिक्के आणा." मग आणखी पाणी, मग आणखी आरोळी, मग आणखी शिक्के. ऐसी कर्तबगारी आम्ही अन्य दरबारी पाहिली नाही. येसजींनी दमाजीपंतांचे पाय धरिले, "अहो, शिक्के तेवढे उतरवा." ते म्हणाले, "उतरवतो की. पाणक्यांचा अर्ज येऊ द्या." पाणके म्हणाले, "आम्हांस कसली तक्रार? पाणी झकास सुटते आहे."

दहावे दिवशी येसजींची आरोळी बंद जाहली. विसाजीपंत म्हणाले, "पळाला शत्रू!" आणि शिक्के मारणे थांबविले, आणि पाणक्यांनी आता विसावा मिळावा म्हणोन अर्ज केला, आणि दमाजीपंतांनी एकेक शिक्का जपोन उतरविला, आणि पाणी ओसरले. येसजी भला माणूस होता. लिहिताना आम्हांस वाईट वाटते. दरबारास वाटले नाही.

एकंदर, शत्रू मारिला, गड राखिला, आणि दोघां पंतांस मानपत्रे देणेकारणे भर दुपारी दरबार भरला, आणि मानपत्र उघडले, आणि कोणासही अक्षर दिसेना.