ओठ हलता कामा नयेत

सरकारी शाळेत रोज सकाळी प्रार्थना होत असे आणि ती कोणीही ऐकत नसे. हाच तिचा सगळ्यात मोठा गुण होता. पुढच्या ओळीतली मुलं दोन-चार कडवी ओढायची, मागच्या ओळीतली मुलं पुढच्यांच्या वेण्या ओढायची, आणि मग सगळी आपापल्या वर्गात जायची. वर्गात बाई असायच्या. त्या काळी तशी पद्धत होती.

भिंगरी दुसरीत होती. तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे शाळा सुटली की भिंगरीची स्वारी दुकानातल्या उंच स्टुलावर. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. बाईंनी वर्गात जे अक्षर शिकवलं असेल ते भिंगरी त्या तक्त्यात हुडकून काढायची आणि गिऱ्हाईक डोळे बारीक करून झगडत असताना मध्येच ओरडायची, "आई, 'ण' सापडला! ह्या आजोबांना दिसलाच नाही!"

"तिला आवरा हो," आजोबा म्हणायचे.

"अहो, तुमचा नंबर वाढलाय, तिचा काय दोष?" दुकानाचे मालक, ज्यांना भिंगरी चष्माकाका म्हणे, हसून म्हणायचे. आईला मात्र मनातून गुदगुल्या व्हायच्या. ती स्वतः शाळेत फार काळ टिकली नव्हती. पोरीने वाचावं, भराभरा वाचावं, एवढीच तिची हौस होती.

अशा सुखाच्या दिवसांत कापडवाल्यांच्या मुलाने घरी जेवता जेवता प्रार्थना गुणगुणली. कापडवाल्यांचा घास हातातच राहिला. मुलगा त्या शाळेत जायला लागल्यापासून त्यांनी प्रार्थना प्रथमच ऐकली होती.

"ही आपली नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत हजर. तिथे गॅरेजवाले आपल्या पोराचा विसरलेला डबा द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचीही नाही खरं तर. पण तुम्हाला नको असेल, तर आम्हाला हवीच."

इथून पुढे जे झालं ते सगळं नियमाला धरून झालं.

पालकांची सभा भरली. समिती नेमावी की नाही यावर हात वर करायचे होते. भिंगरीच्या आईला दुकानात परतायचं होतं, आणि जो हात वर करील तो सुटेल अशी एकंदर हवा होती. तिने हात वर केला. समितीचं नाव सर्वसमावेशक प्रार्थना समन्वय समिती असं ठरलं, आणि समितीने पहिल्याच बैठकीत सर्वांच्या प्रार्थना आळीपाळीने घ्याव्यात असा निर्णय दिला. पण सगळ्यांच्या म्हणायच्या तर आधी कोणाची? जी आधी ती मोठी ठरते आणि जी शेवटी ती लक्षात राहते, असे दोन्हीकडून आक्षेप आले. तेव्हा सगळ्या एकाच वेळी म्हणाव्यात असं ठरलं. शेजारच्या सोसायटीने पोलिसांना फोन केल्यावर तो प्रयोग थांबला.

मग मौन आलं.

मौनाला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं, म्हणूनच ती लगेच आली. हात जोडले तर कापडवाल्यांना चालेना, पसरले तर गॅरेजवाल्यांना चालेना. "हात दिसतील, परंतु काही सुचवणार नाहीत, अशा बेताने ठेवावेत," असं परिपत्रक निघालं. डोळे मिटणं हे भक्तीचं लक्षण म्हणून डोळे सताड उघडे. शाळेची घंटा कोणाच्या तरी घंटेसारखी वाजते म्हणून ती उतरवली आणि शिपाईमामा गेटपासून "चला रे, चला!" असं ओरडत फिरू लागले. मामांच्या ओरडण्यातही एक विशिष्ट सूर लागतो अशी तक्रार आली, तेव्हा मामांनी तंबी दिली, "आता मी नुसता फिरतो. ज्याला यायचं तो येईल." भिंतींवरच्या तसबिरी उतरल्या. एक तसबीर निघाल्यावर मागे जो फिकट चौकोन उरला, त्याचा आकार पाहून एका आजीबाईंना भरून आलं. तिथे ताबडतोब शिक्षणाधिकारी साहेबांचा फोटो लावला गेला, मग पटांगणात मुलांसमोर आणि मोठ्या सरांच्या खोलीतही तोच लागला. साहेब कोणाचेच नव्हते, त्यामुळे सर्वांना चालले.

तरीही कापडवाल्यांची शंका काही मिटेना. "मौनात मुलं आतून काय म्हणतात, हे कोण बघणार?"

"नेमकं माझ्या मनातलं बोललात," गॅरेजवाले म्हणाले. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. सभागृहात टाळ्या पडल्या.

आतलं दिसत नाही, पण ओठ दिसतात. म्हणून ओष्ठनिरीक्षकाचं पद निघालं. पदाला माणूस हवा, तर नजर तीक्ष्ण हवी, मुलं ओळखता यायला हवीत आणि मुख्य म्हणजे नाही म्हणता येऊ नये. दुसरीच्या बाई तिन्ही कसोट्यांना उतरल्या. सकाळी मौनात त्यांनी ओळीओळीतून फिरायचं आणि उरलेला दिवस मोठ्या सरांच्या खोलीबाहेर बसून, कोणाचे ओठ हलले, का हलले, जांभई होती की श्रद्धा होती, याचा सविस्तर अहवाल लिहायचा. दुसरीच्या वर्गाला त्यांनी कडी घातली नाही. फळ्यावर 'थ' काढलेला होता, तो तसाच ठेवून त्या गेल्या.

दुकानातल्या स्टुलावर भिंगरी गप्प बसू लागली. रोज तक्त्यातला 'थ' बघायची आणि मान खाली घालायची.

"आज काय शिकलात गं?"

"थ."

"अगं, तो कालही होता ना?"

"अजून आहे," भिंगरी म्हणाली.

चष्माकाकांनी तिला जवळ बोलावून खालची ओळ वाचायला सांगितली. ती नुसतीच बघत राहिली. काका हळूच आईला म्हणाले, "ताई, पोरीचा नंबर काढून बघू एकदा. लहान वयातही लागतो." त्यांच्या धंद्यात न वाचता येण्याचं एकच कारण ठाऊक होतं.

नंबर काढायच्या आधीच शाळेतून बोलावणं आलं. भिंगरी मौनात पकडली गेली होती.

मोठ्या सरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. साहेब प्रत्यक्ष आले होते. आपल्याच फोटोखाली बसल्यामुळे ते जरा लहान दिसत होते. एका अंगाला कापडवाले, एका अंगाला गॅरेजवाले, मध्ये बाई. भिंगरीला भीती वाटायला हवी होती, पण बऱ्याच दिवसांनी बाई एवढ्या जवळ दिसल्यावर तिने धावत जाऊन त्यांचं बोट धरलं. बाईंनी ते सोडवून घेतलं नाही, नुसतं टेबलाखाली लपवलं.

"ओठ हलले होते?" साहेबांनी विचारलं.

"हलले," बाई खाली बघत म्हणाल्या. "मी आधी जांभई लिहिणार होते साहेब. पण हिने पुन्हा हलवले. आणि नोकरी आहे हो माझी."

"अरे देवा," आईच्या तोंडून निघून गेलं. मोठे सर दचकले. बाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला.

"बाळ," कापडवाले गोड आवाजात म्हणाले, "काय मागत होतीस गं?"

"बाई वर्गात येऊ देत."

खोलीत कोणाला काही ऐकू आलं असावं असं दिसलं नाही. गॅरेजवाले पुढे सरकले. "ते राहू दे. कोणाकडे मागत होतीस? मोठ्याने सांग. घाबरायचं नाही."

सगळ्यांनी श्वास रोखला. भिंगरीने मोकळ्या हाताचं बोट वर उचललं आणि भिंतीवरच्या फोटोकडे दाखवलं. "ह्यांच्याकडे. समोर हेच असतात ना."

कापडवाल्यांनी सुस्कारा सोडला. गॅरेजवाल्यांनीही सोडला. आपला नाही म्हणून वाईट वाटावं, तर त्यांचाही नाही म्हणून बरं वाटावं, अशा त्या सुस्काऱ्यांनी खोली भरून गेली. साहेबांनी घसा साफ केला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"भावना किती शुद्ध आहे," ते म्हणाले. "आणि कोणाच्याही भावना न दुखावणारी आहे. इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही?"

आई उभी राहिली. "साहेब, मग ती जे मागतेय तेवढं द्या ना. बाईंना वर्गात पाठवा. पोरगी 'थ'वर अडकलीय हो."

"ताई, प्रार्थना मंजूर आहे," साहेब प्रेमाने म्हणाले. "मागणी विचाराधीन आहे."

पुढच्या आठवड्यात नवी प्रार्थना आली. 'साहेब, आपण आहात म्हणून शाळा आहे. आमच्याकडे लक्ष असू द्या, आणि लक्ष नसेल तर राग तरी नसू द्या.' दोन्ही बाजूंनी पेढे वाटावेत तसे एकमेकांना मेसेज पाठवले. आता प्रत्येक मुलाचे ओठ हललेच पाहिजेत असा नियम झाल्याने ओष्ठनिरीक्षकाचं काम दुप्पट झालं. बाईंना मदतीला माणूस लागला. तिसरीच्या बाईंची नजर चांगली होती.

त्या संध्याकाळी चष्माकाकांनी भिंगरीला तक्त्यासमोर उभं केलं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि एकेक भिंग बदलत गेले. "हां, आता वाच बघू बेटा. हे वरचं मोठं अक्षर."

भिंगरी ताठ उभी राहिली. हात दिसतील, परंतु काही सुचवणार नाहीत, असे ठेवले. डोळे सताड उघडून तक्त्याकडे लावले आणि तिचे ओठ हलू लागले. भराभरा, न अडखळता. आईचा जीव भांड्यात पडला. वाचतेय! ती पुढे झाली, वाकली, कान लावला.

"...लक्ष असू द्या, आणि लक्ष नसेल तर..."

काकांनी चौकट अलगद काढून घेतली. "डोळे अगदी स्वच्छ आहेत हिचे," ते म्हणाले, आणि भिंग पुसत बसले. आईने पोरीला उचलून स्टुलावर बसवलं आणि तक्त्यातल्या 'थ'च्या पुढे, 'द'वर, स्वतःचं बोट ठेवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

ही गोष्ट इथवर वाचताना, ती मूळची प्रार्थना नेमकी कोणाची होती हे कळावं म्हणून तुम्ही मागे जाऊन एखादी ओळ पुन्हा वाचली असेल. वाचली असेल तर संकोच नको. समितीत एक जागा रिकामी आहे. दुसरीच्या वर्गातली खुर्चीही रिकामीच आहे, पण तिची चौकशी अजून कोणी केलेली नाही.