अहिरे काकांचे डबे

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधून रिकाम्या हातांनी बाहेर पडणं अशक्य आहे. तुम्ही इडली-सांबार आणायला निघालात, की पहिल्या मजल्यावरचं एक दार उघडतं. आतून आधी स्टीलचा डबा बाहेर येतो आणि त्याच्यामागून अहिरे काका.

"कुठे? सांबार?"

"हो काका."

"गरम सांबार पिशवीत ओतलं की ते सांबार राहत नाही गं. पिशवीची आमटी होते ती. घे हा डबा. झाकण घट्ट आहे, सांडणार नाही."

'पण काका, प्लॅस्टिक तर कुठे दिसत नाही त्यात,' असं कुणी चुकून म्हटलंच, तर काकांचं उत्तर ठरलेलं आहे. एक बोट वर करून ते म्हणतात, "सूक्ष्म आहे, पण आहे!"

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. म्हणजे अख्ख्या वर्तकनगरात या छळाचा पहिला मान माझा. काका मीटर रीडर होते. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून, बॅटरी मारून आकडे वाचले. रिटायर झाल्यावर मीटर सुटले, पण डोकावायची सवय काही सुटली नाही. ती सगळी आमच्या स्वयंपाकघरात आली.

झालं काय, की सोसायटीत एका डॉक्टर मुलीचं भाषण ठेवलेलं. प्लॅस्टिकचे बारीक बारीक कण पाण्यात, अन्नात, घरातल्या धुळीतसुद्धा असतात, वगैरे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, समोसे खाल्ले आणि घरी आलो. काका मात्र ते भाषण घेऊनच घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्याशी हजर! माझा भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा बोर्ड त्यांनी उजेडात धरला.

"या रेघा बघितल्यास, सुषमा? सुरीने पडलेल्या?"

"जुना झालाय हो."

"इथलं प्लॅस्टिक गेलं कुठे मग?"

"कुठे?"

"कोशिंबिरीत," काका म्हणाले आणि शांतपणे निघून गेले.

आता सांगा, कोशिंबीर घशाखाली उतरेल का? आठवड्याच्या आत लाकडी पाट आला. भांडी घासायचा नायलॉनचा चोथा जाऊन नारळाची शेंडी आली. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा ठेवायची तर माझी छातीच होईना. केर काढायच्या आधी ओल्या फडक्याने धूळ पुसायला लागले. माझ्या नवऱ्याने, नितीनने, थोडा लढा दिला. तो ऑफिसातून टी-बॅगची सवय लावून आलेला. काकांनी ती बॅग शेपटीला धरून उंदरासारखी उचलली.

"ही पिशवी कशाची आहे, कधी विचारलंस?"

"काका, मी चहा सोडणार नाही हां."

"सोडू नकोस ना! पातेल्यात उकळ, स्टीलच्या गाळणीने गाळ आणि पी की बादलीभर!"

पण काकांचा खरा जीव वॉशिंग मशीनमध्ये. टेरिकॉट, पॉलिस्टर असले कपडे धुतले की त्यांचे तंतू पाण्याबरोबर वाहून जातात, हे कळल्यावर त्यांनी माझ्या मशीनच्या पाइपाला जुन्या परकराचं फडकं बांधलं. दाट होतं ते. पाणी तुंबलं आणि उलटं फिरून माझ्या हॉलपर्यंत आलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काका पायजमा वर खोचून पाणी लोटत होते आणि म्हणत होते, "तत्त्व बरोबर आहे, कापड चुकलं." मग त्यांनी बारीक जाळीची पिशवी आणून बसवली आणि बजावलं, की गरज नसताना मशीन लावू नकोस, गरम पाणी तर घेऊच नकोस. दर शनिवारी येऊन जाळीतला करडा गोळा चिमटीत धरून दाखवायचे.

"ही बघ, नितीनची ट्रॅक पँट. ही मोरीतून खाडीत गेली असती, खाडीतून बोंबलात आणि बोंबलातून परत नितीनमध्ये."

नितीनने त्या दिवसापासून घरात सुती लेंगे घालायला सुरुवात केली. बोंबील सोडण्यापेक्षा ते परवडलं, म्हणाला.

तर डबे. हे डबे विमलकाकूंचे. काकूंना स्टीलचं भारी वेड. बोहारीण आली, की जुन्या साड्या देऊन डबा घ्यायच्या. तासभर घासाघीस चालायची, आम्ही दारात उभं राहून मजा बघायचो. काकू गेल्या तेव्हा माळा डब्यांनी भरलेला होता. काही वर्षं ते तसेच पडून राहिले. पिशवीच्या आमटीचा शोध लागल्यावर काकांनी ते सगळे खाली काढले, चिंचेने घासले आणि बिल्डिंगभर फिरवायला सुरुवात केली. पनीर आणायला डबा, डोशाच्या पिठाला डबा, मटणाला वेगळा डबा. बुद्धपौर्णिमेची त्यांची खीरही डब्यातूनच यायची.

आणि आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा कोण परत करतं? काहीच नसेल तर माझी आई चिमूटभर साखर घालायची त्यात. त्यामुळे काकांचे डबे परत जायचे ते भरून. माझ्याकडून वालाचं बिरडं, दुसऱ्या मजल्यावरून सुकटीची चटणी, वरच्या नव्या जोडप्याकडून कसला तरी पास्ता. डबा द्यायला गेलं की अर्धा तास मोडलाच म्हणून समजा. "अगं, नुसता द्यायचा ना डबा!" म्हणत काका झाकण उघडणार, वास घेणार, खोबरं भाजलंस का विचारणार, स्टूल पुढे सरकवणार. कुकरच्या शिट्ट्या माझ्या घरी वाजतायत आणि मी यांच्याकडे बसलेली. वैताग यायचा हो.

पण काका जिंकले! हळूहळू सगळ्यांनीच स्वतःचे डबे घेतले. कोपऱ्यावरचा इडलीवाला आता स्वतःच विचारतो, "डबा कुठाय?" झेंडावंदनाला सोसायटीने काकांचा सत्कार केला. शाल दिली, ती चकचकीत पॉलिस्टरची. काकांनी ती दोन बोटांत चोळून बघितली आणि आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. "सूक्ष्म आहे..." एवढंच पुटपुटून त्यांनी शाल खांद्यावर घेतली. मग सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केलं, की आता काकांना त्रास नको, ज्यांच्याकडे त्यांचे डबे असतील त्यांनी आजच परत करावेत. संध्याकाळपर्यंत झाडून सगळे डबे परत गेले. मीसुद्धा माझ्याकडचे घासूनपुसून एकदम देऊन मोकळी झाले.

पुढच्या रविवारी काका डबा घेऊन बाहेर आले, तर जो तो आपापला डबा उंच करून दाखवतोय. "आहे काका, आहे!" आणि जिना उतरून पसार. काका प्रत्येकाला शाब्बास म्हणत होते. मलाही बरं वाटलं, म्हटलं, माणसाचं एवढं कोण ऐकतं?

दोन-तीन आठवड्यांनी, एका दुपारी, त्यांनी माझी बेल वाजवली.

"आमचा एखादा डबा राहिलाय का गं तुझ्याकडे?"

"नाही काका, सगळे दिले मी. कुठला हरवलाय?"

"बघ ना जरा. मागे कुठे राहिला असेल."

मी फळ्या बघितल्या, ओट्याखाली बघितलं. "नाहीये काका. किती कमी पडतायत?"

"कमी नाही पडत. सगळे आलेत." ते दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिले. "सगळे आलेत, तेच झालंय ना. आधी रोज संध्याकाळी बेल वाजायची. कुणीतरी यायचं, बसायचं. परवा वाजली, तर कुरिअरवाला. तोही तुझं पार्सल घेऊन." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "विमल गेल्यावर घर फार गप्प झालेलं, सुषमा. डब्यांमुळे तुम्ही सगळे येत होतात. आता काय निमित्त?"

मला रडू आलं. सरळ सांगते, आलं. इतकी वर्षं समोर राहून मला वाटत होतं, हा माणूस अर्धा तास खातो आपला.

"काका, मला एक डबा द्या ना," मी म्हटलं. "डोशाचं पीठ आणायचंय."

"तुझ्याकडे आहेत की."

"सगळे भरलेत."

माझे चार डबे मागे ओट्यावर पालथे घातलेले त्यांना दारातून स्वच्छ दिसत होते. ते वळले. घरात गेले, मीही मागून गेले. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट चालला होता.

"तो मोठा द्या," मी म्हटलं.

"मोठा नको. मोठा तुझ्याकडे आठवडाभर पडून राहील." त्यांनी वाटीएवढा एक डबा फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. "हा ने. हा उद्या संध्याकाळपर्यंत रिकामा होतो."

मी तो घेतला आणि घरी येऊन आधी वाल भिजत घातले.