निशाणाच्या पल्याडची करडई

“रानाला उपाशी ठेवून आपण जेवायचं न्हाय बघ, गुरम्मा!”

नवऱ्याला, गुरुसिद्धप्पाला जाऊन चार वर्षं झाली, पण सकाळची लिंगपूजा आटोपली की त्याचा हा आवाज गुरम्माच्या कानात वाजायचाच. घरात दुसरा आवाज होता कुठं? मुलगा सोलापुरात गिरणीत. त्याची पाळी आणि गावचा सण यांचं कधी जमलंच नाही. गुरम्मा एक भाकरी थापायची, अर्धी खायची आणि उरलेल्या अर्धीकडं बघत बसायची.

दुष्काळ सरला त्या वर्षी शेतीखात्याचे रामहरी साहेब सायकलवरून मंद्रूपला तिच्या दारात आले. नातेपुत्याकडचे, तरणेबांड, आणि तोंड असं की पिठाच्या चक्कीनं लाजावं!

“आजी, तुमच्या करडईच्या रानाचे दोन तुकडे करू. अल्याड तुमचं शेणखत, पल्याड आमचं पांढरं खत. मध्ये लाल निशाण! वेळ अमावस्येला सोलापूरचे मोठे साहेब येतील, सारा गाव येईल बघायला. आमचं खत सरस ठरलं की दरवर्षी मेळावा तुमच्याच रानात!”

खताचं गुरम्माच्या डोक्यात शिरलंच नाही. सारा गाव येईल! वेळ अमावस्येला जो तो आपल्या रानात पूजा करून पंगत मांडतो. गुरम्माच्या रानात पंगत एकीचीच. “यंदा पालेभाज्या नि शेंगांची अशी भज्जी रांधीन की मंद्रूप बोटं चाटत बसंल!” तिनं दिव्याला ठणकावून सांगितलं. ऐकायला दिवाच होता.

अडचण एकच. दुष्काळात गुरं गेली, मग शेण आणायचं कुठून? तिनं बिरप्पा धनगराला निरोप धाडला: दोन रात्री मेंढरं रानात बसव, ज्वारी देते. गडी आला तो नेमका श्रावणी सोमवारी! आणि सोमवारी दिवस मावळेपर्यंत गुरम्माचं मौन.

“आक्का, मेंढरं कुटं बसवू? निशाणाच्या पल्याड?”

गुरम्मानं घाबरून पल्याडच्या बाजूला जोरजोरात हात झटकले. तिकडं अजिबात नको!

पण धनगराच्या लेखी हात झटकला म्हणजे कळप तिकडं हाकायचा. “व्हय व्हय, कळलं की!” म्हणत बिरप्पानं अख्खा कळप पल्याड लोटला. बुधवारी ती रानात गेली तर पल्याड लेंड्यांचं जाजम अंथरलेलं आणि अल्याड ठणठणाट! घरचा उकिरडा खरवडून तिनं अल्याड दोन पाट्या टाकल्या.

साहेबांना सांगायला ती मुद्दाम गेली.

“साहेब, मेंढरं…”

“मेंढरं असू द्या हो आजी, आधी खताची मात्रा ऐका!”

“पर मेंढरं…”

साहेब सायकलवर टांग टाकून केव्हाच पसार!

वेळ अमावस्या आली, तीही सोमवारी. गुरम्मानं पहाटेपासून मोठ्या पातेल्यात भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे वळले, आंबिलीची घागर भरली. आणि खरंच, रान माणसांनी फुललं! चार वर्षांत तिच्या बांधावर इतके पाय पडले नव्हते. प्रत्येकाला “या, बसा” म्हणावंसं वाटत होतं, आणि ओठ मिटलेले.

पल्याडची करडई दाट, काळीभोर. अल्याडची बिचारी आजारातून उठल्यासारखी. रामहरी साहेबांची छाती शर्टाची बटणं तोडायला निघाली. मोठे साहेब खूश होऊन खाली वाकले, माती चिमटीत घेतली आणि थबकले.

“रामहरी, आपल्या खतात काळ्या गोळ्या कधीपासून येतात?”

“मेंढीच्या कंपनीच्या असतील, साहेब!” मागून गावातला ईश्वरप्पा म्हणाला. हशा फुटला.

“बाई, इथं मेंढरं बसवली होती?”

रामहरी साहेब डोळ्यांनीच पाया पडत होते. एकदा मान आडवी हलवली की दरवर्षी हे सारे पाय या बांधावर! गुरम्मानं डोळे मिटले आणि मान उभी हलवली.

“मेळावा पुढल्या वर्षी बार्शीला!” म्हणून मोठे साहेब जीपमध्ये बसले. माणसंही पांगली. ज्याच्या त्याच्या रानात पूजा खोळंबली होती. पूजेसाठी रानात उभारलेल्या खोपीपुढं उरलं भज्जीचं भरलं पातेलं आणि रामहरी साहेब.

गुरम्मानं पान वाढलं. साहेबांनी रागानं पहिला उंडा मोडला, दुसरा मुकाट्यानं, तिसरा मागून घेतला.

“खानावळीत असलं मिळत न्हाय,” ते हळूच म्हणाले. मग उसळून, “पण आजी, आता गाव म्हणणार, साहेबाचं खत म्हंजे नुसत्या लेंड्या! कुणी हात लावायचं न्हाय. आणि खरं काय? जिथं दोन्ही पडलं, तिथंच करडई माजली की! माझं कोण ऐकतंय? तुम्ही सांगाल घरोघर जाऊन, दोन्ही घाला म्हणून?”

घरोघर? गुरम्मा? जिचा आवाज शेजारणीनंसुद्धा धड ऐकला नव्हता? तरी मान हलली.

“शब्द दिलात हं!”

बिनशब्दाचाच, पण दिला.

मंगळवारी पूजा झाली. तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, “शेणखत बी घाला, पांढरं बी घाला.” दहा शब्दसुद्धा नाहीत. मनात आणलं तर सारं गाव दोन दिवसांत उरकलं असतं.

गुरम्मानं पदर सावरला, दाराला कडी घातली. रोज एकच घर करायचं, असा तिनं नेमच धरला. गाव मोठं होतं. घाई कशाला? आणि ती हळूहळू वाटेला लागली.